स्वॅप परत येईपर्यंत

कॉम्प्युटर चालू करणं कोणालाही येतं. बंद करायला शिकण्यात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि शिकवणारं कोणी नव्हतं. ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. सुरतेच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये साड्यांची डिझाइनं करायच्या खोलीत मी ऑपरेटर होते. मिलभर रंगाचा आणि वाफेचा वास, आणि माझ्या खोलीत तेवढा एसी. तो एसी माझ्यासाठी नव्हता, मशीनसाठी होता. बाहेरचे कामगार मला 'एसीवाली बेन' म्हणायचे तेव्हा माझं डोकं फिरायचं.

मशीन युनिक्सवर चालायचं आणि शेठने ते घासाघीस करून घेतलेलं. डिझाइन उघडलं की ते मशीनच्या मेमरीत यायचं. मेमरी एवढीशी आणि साडी केवढी! पदर, काठ, अंगभरचा नक्षा, त्यात रंगागणिक वेगळा थर. मग जे मेमरीत मावायचं नाही ते मशीन स्वतःच उचलून डिस्कच्या एका भागात नेऊन ठेवायचं आणि लागेल तसं परत आणायचं. त्या भागाला स्वॅप म्हणतात. त्याच्यासाठी वेगळी डिस्क हवी होती. शेठने कोटेशनमधून ती डिस्क खोडली, आणि डिझाइनची दुसरी प्रत ठेवायचं टेपचं यंत्रही खोडलं. "आटला मां चाले छे ने, बेन?" एवढ्यात भागतं ना, असं त्याने मला विचारलं, जसं काही मी नाही म्हटलं असतं तर तो ऐकणार होता. मुंबईहून मशीन लावायला आलेल्या इंजिनिअरने मग डिझाइनच्याच डिस्कवर स्वॅपची भलीमोठी फाइल करून दिली आणि गुजरात मेल पकडून तो निघून गेला. त्या फाइलने एवढी जागा खाल्ली की मोठ्या डिझाइनची दुसरी प्रत ठेवायला डिस्कवर जागाच उरली नाही.

याचा जाच बंद करताना कळायचा. बंद कर म्हटलं की प्रोग्राम स्वॅपमध्ये पडलेले डिझाइनचे तुकडे एकेक करून मेमरीत परत आणायचा आणि फाइलमध्ये लिहायचा, तेही जुन्या फाइलच्या डोक्यावरच, म्हणजे मध्येच थांबलं तर जुनंही गेलं आणि नवंही. ते झालं की प्रोग्राम मिटायचा आणि मेमरी मोकळी व्हायची. मग स्वॅप बंद व्हायचा. स्वॅप बंद झाल्याशिवाय डिस्क सोडता यायची नाही, कारण तो तिच्यावरच मांडी घालून बसलेला. डिस्क सुटली की मगच पडद्यावर एक ओळ यायची, आता वीज बंद करा. तोवर पडदा काळा ठिक्कर. डिस्कचा लाल दिवा जळत असायचा आणि आतून कुरकुर आवाज यायचा, बस. मशीन मेलंय असंच कोणालाही वाटावं, आणि नेमकं त्याच वेळी त्याला हात लावायचा नसतो.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, याच मिलमध्ये ट्रेसिंग करायचे. खानदेशातून आले तेव्हा आधी कित्येक वर्षं लूमच्या खात्यात होते. खातं म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यात खडखडणारे साचे, म्हणजे यंत्रमाग. त्या खडखडाटाने त्यांचा डावा कान गेला. पण हातात चित्र होतं. कोणीतरी ते पाहिलं आणि त्यांना मिलमध्ये ट्रेसिंगला आणलं. डिझाइनमधला एकेक रंग वेगळा काढून पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने उतरवायचा, त्यावरून छपाईचा स्क्रीन बनतो. आप्पांची रेघ इतकी स्वच्छ असायची की स्क्रीनवाले म्हणायचे, काकांची फिल्म आली की आम्ही तपासत नाही. हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो आणि लगेच चीडही येते, कारण त्या रेघेला पुढे कोणी विचारलं नाही.

कॉम्प्युटर आला आणि ट्रेसिंगची खोली रिकामी व्हायला लागली. एक जण चलथाणच्या साखर कारखान्यात लागला, एक गावी गेला, एकाने कोसाडला किराणा टाकला. कोणीच भांडलं नाही. ज्या मशीनने त्यांना घालवलं त्याच्यावर त्यांच्यातल्याच एकाची मुलगी बसलेली, भांडणार तरी कोणाशी? शेवटी एकटे आप्पा राहिले. शेठला त्यांना सरळ काढायला जड जात होतं. त्याने आम्हा दोघांना बोलावलं आणि म्हणाला, "काकानो हाथ सारो छे. पण जमानो कॉम्प्युटरनो छे." मग एक वाट काढली. काकांनी चित्र काढायचं, मी ते मशीनवर घ्यायचं, लग्नसराईसाठी एक साडी तयार करायची. मोठा व्यापारी यायचा होता. त्याने साडी पास केली तर आप्पांची खुर्ची कायमची माझ्या शेजारी. नाही केली तर त्यांनी आपलं बघावं. आपलं बघावं म्हणजे पुन्हा लूमचं खातं, उरलेल्या कानासकट. हे त्याने बोलून दाखवलं नाही, आम्हाला कळलं.

आप्पांनी कपाशीचं फूल काढलं. मी आधी तोंड वाकडं केलं. पॉलिएस्टरच्या साडीवर कपाशी, काय डोंबल शोभणार? पण कपाशीचं फूल उमलतं तेव्हा पिवळट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हे मला शहरात वाढलेलीला माहीत नव्हतं. त्यांनी एकाच वेलीवर दोन्ही फुलं घेतली, आणि पिवळ्यातून गुलाबीत जाताना मधले रंग इतके हळू उतरवले की मी गप्प बसले. अंगभर वेल, पदरावर ती दाट होत गेलेली. मशीनला हे फार झालं. रंगांचे थर वाढले तसं निम्म्याहून जास्त डिझाइन स्वॅपमध्येच असायचं. एक पाकळी इकडची तिकडे केली तरी डिस्क कुरकुरत बसायची आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसायचो.

ते दिवस चांगले होते. घरी आम्ही फारसं बोलायचो नाही, तिथे बोललो. ते बोटाने पडद्यावर दाखवायचे, "हाई पान जरा जाड व्हयी गयं," आणि मी म्हणायचे, "काचेला बोट लावू नका, डाग पडतो." मग ते बोट मागे घ्यायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा लावायचे. मी चिडायचे, ते हसायचे. जेवणाच्या सुट्टीत एकच डबा दोघांत. कामगारांतला कोणी खिडकीतून डोकावून म्हणायचा, "काका, तुम्हीपण एसीत?" आणि आप्पा लाजायचे.

संध्याकाळी मशीन बंद करायला लागणारा वेळ बघून एकदा त्यांनी विचारलं, "इतला येळ काबर लागस व माय?" मी म्हटलं, तुमचं ट्रेसिंगचं टेबल आठवा. टेबलावर मावत नाही तेव्हा तुम्ही फिल्मा खाली चटईवर पसरता. घरी जाताना काय करता? आधी टेबलावरची फिल्म पुरी करून कपाटात ठेवता, टेबल रिकामं करता, मग खालची एकेक उचलून वर घेता. चटईवर फिल्म असताना खोलीला कुलूप लावता का? त्यांनी मान डोलावली. "म्हंजे खालन्या फिल्मा उचल्याबिगर खोली बंद करानी नही," ते म्हणाले. अगदी बरोबर म्हणाले. नंतर मिलमधल्या लोकांनी म्हटलं की म्हाताऱ्याला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं. त्यांना सगळं कळलं होतं. मिलच्या मॅनेजरला कळलं नव्हतं एवढं कळलं होतं.

व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. दुपारी जेवणानंतर शेवटचा रंग बसला. आप्पांनी खुर्ची मागे सरकवून पूर्ण साडी लांबून पाहिली आणि म्हणाले, "बस." मी म्हटलं, आता मशीनला आराम देऊ, सकाळी ताजं उघडू. सकाळपासून चालून ते तापलं होतं आणि रेंगाळत होतं, ऐन व्यापाऱ्यासमोर अडकायला नको. मी बंद करायची आज्ञा दिली. पडदा काळा झाला. लाल दिवा लागला, कुरकुर सुरू झाली. स्वॅपमधून वेल परत यायला लागली.

आणि लाईट गेली.

सुरतेत लाईट जाण्यात नवल काय. मिलच्या मोठ्या मशीनांना जनरेटर होता, ऑफिसच्या खोल्यांना नव्हता. माझ्या मशीनला यूपीएस होता, टेबलाखाली, आप्पांच्या पायाशी. बॅटरी चांगली होती, मशीन तिच्यावर आरामात सगळं आटोपून बंद झालं असतं. यूपीएस टूं टूं करायला लागला. पडदा काळाच, एसी बंद, खोली अंधुक, फक्त तो लाल दिवा. मी त्या दिव्याकडे बघत होते. माझ्या बाजूला आप्पा खाली वाकले, हात टेबलाखाली घातला, आणि खट् आवाज झाला. लाल दिवा विझला.

"करी दिन्हं बंद," ते समाधानाने म्हणाले. "आते लाइट ऊनी तरी काही व्हवाव नही." लाईट आली तरी आता काही बिघडणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

हे काय होतं ते आमच्या वस्तीतल्या माणसाला सांगावं लागणार नाही, इतरांना सांगायला हवं. लूमच्या खात्यात लाईट गेली की कारागिराचा हात पहिला हँडलवर जातो आणि साचा बंद करतो. तो विचार करत नाही, हात जातो. कारण साचा चालूच राहिला आणि लाईट अचानक आली, तर तो हिसका देऊन सुरू होतो, आडवं सूत नेणारा धोटा मध्येच अडकलेला असतो, आणि ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, तार भसाभस तुटतात. ते तार मग बसून एकेक करून जोडायचे, आणि त्या वेळात कापड होत नाही, म्हणजे मजुरी नाही. म्हणून सुरतेतल्या आमच्या नवागाम वस्तीच्या घरांतसुद्धा लाईट गेली की बाप्ये आधी उठून पंख्याचं, टीव्हीचं, सगळ्यांची बटणं बंद करत फिरायचे. मशीनवर माया असलेला माणूस ते बंद करतो. आप्पांनी त्या मशीनवर जेवढी माया केली तेवढी शेठनेही केली नव्हती.

मी त्यांच्याकडे वळले आणि त्या अंधुक उजेडात माझा चेहरा बघून त्यांच्या लक्षात आलं. हात अजून टेबलाखालीच होता. "खालन्या फिल्मा," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "बठ्ठं गयं का?" सगळंच गेलं का. मी म्हटलं, बघू. तेवढ्यात लाईट आली. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ गेली नव्हती. एसी गुरगुरला, ट्यूब लागली, आणि आम्ही दोघं त्या उजेडात बसून राहिलो.

मशीन चालू केलं तर ते डिस्क तपासत बसलं आणि मग माझ्याकडे प्रश्न टाकायला लागलं, हा तुकडा ठेवू का, तो तुकडा जोडू का. मला त्यातलं ओ का ठो कळेना. मी हात लावला नाही. मुंबईला फोन केला. व्यापारी सकाळी आला तेव्हा आमच्याकडे दाखवायला आप्पांचं कागदावरचं चित्र होतं आणि फ्लॉपीवर मावलेलं एक सुटं फूल. तो भला माणूस होता, त्याने कागद हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, माल कब मिलेगा? शेठ माझ्याकडे बघायला लागला. मी खरं सांगितलं, पुन्हा सगळे रंग काढायला सीझन निघून जाईल. व्यापाऱ्याने कागद टेबलावर ठेवला आणि चहा न पिता गेला.

इंजिनिअर आला तो आणखी काही दिवसांनी. त्याने डिस्क तपासली, सापडलेले तुकडे एका फोल्डरमध्ये गोळा केले. नावं नाहीत, नुसते आकडे. उघडून पाहिलं तर पदराच्या एका कोपऱ्यातली हिरवी पानं निघाली, फुलं नाहीत. मी विचारलं, आणखी काही? तो म्हणाला, नाही. मग खुर्चीत रेलून सहज म्हणाला, "पॉवर किसने काटी? स्वॅप तो वापस आ ही रहा था. ज़रा रुक जाते, सब बच जाता." दारात आप्पा उभे होते. उजव्या कानाने त्यांना सगळं ऐकू आलं.

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. डिझाइनच्या डिस्कवर स्वॅप कोणी ठेवला? दुसरी डिस्क कोणी खोडली? टेपचं यंत्र कोणी खोडलं? पण ते सगळं कागदावर झालेलं आणि बटण मात्र डोळ्यांदेखत दाबलेलं. मी शेठला हे तोंडावर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, रागावलाही नाही. "सीझन गई, बेन," एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने वेगळी डिस्क आणि टेप दोन्ही आणली. आप्पांना त्याने मिठाईचा डबा देऊन घरी पाठवलं.

मीही सोडते म्हटलं तर आप्पांनी हात जोडले. माझ्यासमोर, माझ्या बापाने. मग कसली सोडते. मी तिथेच राहिले, त्याच खुर्चीवर. शेजारची खुर्ची कोणीतरी उचलून पॅकिंगमध्ये नेली.

आप्पा ओळखीने नवागाममधल्याच एका लूमच्या खात्यात लागले. या वयात साचे देताहेत हेच पुष्कळ, असं सगळे म्हणाले. घरी ते आधीपेक्षा गप्प झाले. दुसरं एक झालं, ते मला आधी समजलं नाही. बटणाला हात लावेनात. संध्याकाळी मी कामावरून आले की घरात अंधार, आणि आप्पा कॉटवर बसलेले. आई बाजारात असली तर ती येईपर्यंत तसेच. मी दिवा लावायची आणि वैतागून म्हणायची, अंधारात काय बसलात? ते म्हणायचे, तू येशीलच म्हटलं. लाईट गेली की पूर्वी घरभर फिरणारा माणूस जागचा हलायचा नाही. माझ्याकडे बघून विचारायचा, "बंद करू का व माय?" पंखा. साधा पंखा. आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायचा.

मला वाटलं, घरातलं आहे, जाईल हळूहळू. कशाचं जातंय.

एकदा दुपारी खात्यात लाईट गेली. हे मला त्यांच्या शेजारच्या साच्यावरच्या कारागिराने सांगितलं, आमच्याच गल्लीत राहायचा तो. सगळ्यांचे हात हँडलवर गेले, साचे बंद झाले. आप्पा आपल्या साच्यासमोर उभे होते, हात वर उचललेला, हँडलपासून वीतभर लांब. तो ओरडला, काका, बंद करा. त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि तेवढ्यात लाईट आली. साचा हिसका देऊन सुटला. ताणा पार फाटला, एका बाजूचे तार सगळे लोंबायला लागले. खात्याचा मालक काही वाईट बोलला नाही. म्हणाला, काका, आता तुमचं वय झालं, घरी बसा.

मी त्या दिवशी घरी पोचले तेव्हा ते हातपाय धुऊन कॉटवर बसले होते. मी दिवा लावला. मग न राहवून विचारलं, आप्पा, तुमचा हात तर आपोआप जायचा ना? त्यांनी आपला तळहात उलटून पाहिला.

"म्हनं, पहिले कोनले तरी इचारी लेऊ," ते म्हणाले.

लाईट गेल्यावर खात्यात सगळं शांत होतं, तिथे कोणालाही विचारता आलं असतं. पण त्यांना विचारायचं होतं मला, आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एसीत, मशीन बंद व्हायची वाट बघत बसले होते.